नावेतून दिसणारी झाडं

वडकी मागे पडली आणि दिवे घाटाचा चढ लागला. एकादशीचा दिवस, सकाळची साबुदाण्याची खिचडी केव्हाच जिरलेली, हातात कुणीतरी दिलेला राजगिऱ्याचा लाडू. घाटासाठी माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. आमची दिंडी रथामागची, त्यामुळे वरच्या वळणावर रथाचा कळस दिसायचा आणि पुन्हा माणसांच्या आड जायचा.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. याच घाटात गेली वीस वर्षं मुलांना घेऊन येते, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरासमोर उभं करते आणि लाव्हाचे थर वहीत काढायला लावते. सह्याद्रीतल्या या थरांच्या गटांना भूशास्त्रज्ञांनी जी नावं दिली आहेत त्यांत इंद्रायणी आहे, दिवेघाट आहे, पुरंदरगड आहे. खालून वर याच क्रमाने. वर्गात ही नावं मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली असतील. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांच्या रांगेतून चालताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की ही तर पालखीच्या वाटेवरची नावं आहेत.

दुसऱ्या वळणावर दम खायला थांबलो. शेजारच्या मावशी सातारकडच्या, सत्तरीच्या. मी काय शिकवते ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं. "बाई, तुमी दगडाचं शिकिवता म्हनं. मग ह्यो कुनी केला?"

मी कातळावर हात ठेवून सांगितलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला. एकावर एक असे कितीतरी थर. दगडाला ही भोकं दिसतात ते तापलेल्या लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. नंतर त्यांत पाणी झिरपलं आणि पांढरे स्फटिक वाढले. एका भोकात झिओलाइटचा असा झुपका होता, नखाएवढा, टोकदार, पावसानं ओला. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. मग कनवटीची पुडी काढून चिमूटभर बुक्का त्या दगडाला लावला. काळ्यावर काळा, दिसलासुद्धा नाही. "चला माउली," म्हणाल्या आणि तुळस डोक्यावर घेतली.

मी सांगितलेलं त्यांनी नाकारलं नव्हतं. बुक्का लावायला त्यांना ते आड आलं नाही, एवढंच.

सासवडच्या मुक्कामी मात्र वाद झाला. आमच्या दिंडीत पुण्यात आयटीत काम करणारा एक मुलगा होता, तिसरी वारी, हरिपाठ तोंडपाठ. रात्री राहुटीत तो उत्साहानं सांगत होता, "मॅडम, सूर्य चालत नाही हे कोपर्निकसनं 1543 मध्ये सांगितलं. आपल्या माउलींनी 1290 मध्येच लिहून ठेवलंय. न चालतां सूर्याचें चालणें!" आजूबाजूच्या माना डोलल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, पण सूर्य चालतो. ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतो, एका फेरीला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. मग आता माउली चुकले म्हणायचं का?"

तो गप्प झाला. खूप वेळानं म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही वारीत कशाला येता?"

बोलण्यात राग नव्हता, दुखावलेपण होतं. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. सासवड ते जेजुरी आणि जेजुरी ते वाल्हे हाच प्रश्न पायांबरोबर चालला.

माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांत देवाला जागा देण्याचे दोन रिवाज आहेत. विज्ञानानं जे सांगितलं ते आमच्या ग्रंथात आधीच होतं, हा एक. विज्ञान जिथं थांबतं तिथून देव सुरू होतो, हा दुसरा. दोन्ही मला भाड्याच्या खोलीसारखे वाटतात. पहिल्यात घरमालक विज्ञान, त्यानं उद्या सिद्धांत सुधारला की आपलं सामान रस्त्यावर. दुसऱ्यात खोली दरवर्षी लहान होत जाते. वीज का पडते, देवी का येते, ग्रहण का लागतं, एकेक भिंत सरकत आली. पोर आजारी पडलं तर दवाखाना सोडून अंगारा लावत बसणाऱ्याची मी कधीच बाजू घेणार नाही. नवसाला पावणाऱ्या देवांवर तुकोबांनीही सडकून टीका केली आहे.

पण वारीत चालताना कान देऊन ऐकलं, तर विठ्ठलाला कुणी पावसाचं कारण म्हणून बोलावत नाही. त्याच्याशी भांडतात, त्याला रुसून दाखवतात, आई म्हणतात. कारण शोधणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. डोंगर कसा झाला हे मी मावशींना सांगू शकले. डोंगर चढताना कुणाला हाक मारायची, हे माझ्या विषयात नाही आणि असायलाही नको.

हे एवढ्यावर सुटत नाही, हे मला तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी कळलं. उभं रिंगण. दोन रांगांमधून अश्व धावत आले, पुढच्यावर पताका घेतलेला स्वार, मागच्या माउलींच्या अश्वाची पाठ मोकळी. लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. मीही वाकले. मग टाळांचा गजर सुरू झाला आणि तळपायाचे फोड, गुडघा, सगळं अर्धा तास माझं उरलंच नाही.

याचंही कारण मला माहीत आहे. 2010 मध्ये ऑक्सफर्डच्या नौकावल्हवणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीच मेहनत एकट्यानं केली त्यापेक्षा सगळ्यांनी एका तालात केली तेव्हा वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन त्यामागे असावीत, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे डोंगराचंच नव्हे, माझ्या भक्तीचंही रसायन निघतं. मग काय राहिलं?

फलटणच्या वाटेवर मला माझी मुलगी लहान असतानाचे दिवस आठवले. मी कॉलेजात असायचे, दुसऱ्याच कुणाचं बाळ रडायचं आणि मला पान्हा फुटायचा. ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यामुळे ओली झालेली साडी कोरडी झाली नाही आणि घराची ओढही कमी झाली नाही. शरीरात काय घडतं ते कळलं म्हणून समोरचं बाळ खोटं ठरत नाही. अर्थात बाळ समोर असतं, विठ्ठलाचं तसं नाही. पलीकडे हाक ऐकणारं कुणी आहे, हे मी प्रयोगशाळेत दाखवू शकत नाही आणि दाखवल्याचा आवही आणणार नाही. पण नाही, हेसुद्धा त्या रसायनातून निघत नाही. मी हाक मारते. मनापासून मारते.

फलटणला त्या मुलाशेजारी जाऊन बसले. सासवडला माझं बोलणं टोचलं असेल, म्हटलं. तो हसला आणि त्यानं मोबाइलवर ज्ञानेश्वरीचा चौथा अध्याय काढला. मी म्हटलं, सूर्याच्या ओवीच्या थोडं आधीपासून वाच. तिथं नावेत बसलेला माणूस आहे. त्याला काठावरची झाडं पळताना दिसतात, नीट पाहिलं की कळतं, झाडं जागेवरच आहेत. हाच नावेचा दाखला आर्यभटानं 499 मध्ये पृथ्वीच्या फिरण्यासाठी दिला होता. माउलींना त्यातून पृथ्वीचं काही सांगायचं नाही. कर्म करत असताना 'मी करतो' हे कसं सुटतं, ते सांगायचं आहे. सूर्यही त्याचसाठी आला आहे.

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. "म्हणजे आपण चाललोय इतके दिवस…" म्हणाला आणि थांबला.

कोपऱ्यातून मावशींचा आवाज आला, "आरं, बत्ती इजवा. तीनला उठायचंय."

त्यानं मोबाइल बंद केला. अंधारात तो ओवी पाठ करत राहिला, थडियेचे रुख, थडियेचे रुख, आणि शब्द अडला की मी हळूच पुढचा सांगत होते.