दिसली

शनिवार, रात्री पावणेबारा

काल रात्री मी नातीशी खोटे बोलले आणि ते पचलेही, म्हणून आज दिवसभर कशात लक्ष लागले नाही.

गोष्ट तशी एवढीशी आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आम्ही दोघी सतरंजी घालून बसलो होतो, कारण समोरच्या टॉवरचे दिवे तेवढ्या एकाच जागी थेट डोळ्यांत येत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला निदान वीस मिनिटे द्यावी लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती सारी मेहनत वाया जाते, हे मी आधीच बजावले होते, त्यामुळे ती शहाण्यासारखी गप्प होती. मे महिन्यात या वेळेला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. खाली घोडबंदर रस्त्याचा उजेड पसरलेला असला तरी तेवढ्या उंचीवर तो जरा विरळ होतो. शेपटीतला मधला तारा तिला दाखवून मी म्हणाले, हा वसिष्ठ, आणि पुढचे दुर्बिणीतून दाखवावे म्हणून गळ्यातला पट्टा काढू लागले, तोच तिने विचारले, "आणि त्याला चिकटून ती बारीकशी कोण आहे?"

मी वर पाहिले. वसिष्ठ होता. त्याच्याजवळ काही नव्हते.

"अरुंधती," मी म्हणाले.

"तुला दिसतेय ना, आजी?"

"हो तर. उजव्या अंगाला, किंचित खाली."

हे उत्तर बरोबर होते आणि तेच टोचते आहे. मी पाहून सांगितले नाही, पाठ होते ते सांगितले. आधी ठळक तारा दाखवावा आणि त्याच्या आधाराने बारीक तारा दाखवावा, याला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात, असे यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की दाखवणारीलाच ती दिसत नसेल तर काय करायचे, हा प्रश्न कधी मनातही आला नव्हता.

अरुंधती दिसेनाशी झाली की माणसाचे दिवस भरले, असे जुनी माणसे म्हणत. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही; मात्र पहाटे अडीचला जाग आली तेव्हा तो नसल्याचा काही उपयोग झाला नाही. मनाची समजूत घालायला मी हिशेब मांडला. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातले अंतर पूर्णचंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडे कमी आहे, म्हणजे डोळ्याला वेगळे करता येऊ नये इतके ते मुळीच कमी नाही. अडचण तिच्या मंदपणाची आहे. ती चौथ्या प्रतीची तारका आहे आणि ठाण्याच्या आकाशात चौथ्या प्रतीची तारका म्हणजे आधीच काठावरची. त्यातून माझा मोतीबिंदू, जो अजून पिकलेला नाही, थांबू या, असे डॉक्टर म्हणतात. दोष आकाशाचा, असे ठरवून मी कूस बदलली. पण मग त्याच आकाशात नऊ वर्षांच्या पोरीला ती दिसली कशी?

तरी खोटे बोलायचे कारण काय होते? "मला नाही दिसत गं," एवढे म्हणता आले असते. ती काही हसली नसती. कदाचित तिने घरी जाऊन आईला सांगितले असते, आणि मग सूनबाईने मुलाला, आणि मग तो फोन. ते असो.

आज दुपारी भाजी निवडताना आठवले की हे खोटे मी पहिल्यांदा बोललेले नाही. लग्नात सप्तपदीनंतर गुरुजींनी आम्हाला अरुंधती दाखवली तेव्हा भर दुपार होती आणि आम्ही कार्यालयात होतो. त्यांचे बोट छताच्या पंख्याकडे होते. "दिसली म्हणा," ते म्हणाले आणि मी खाली मान घालून "दिसली" म्हणाले. खरी अरुंधती मी पाहिली त्यानंतर काही वर्षांनी, वांगणीला, याच दुर्बिणीतून. "आता बघ," एवढेच हे म्हणाले होते. त्या दोघांच्या मध्ये आणखी एक अंधूक ठिपका होता, तो कोण, असे मी विचारले, तर म्हणाले, तो त्यांच्यातला नव्हे, फार मागे आहे, उगाच मध्ये दिसतो. त्या रात्रीचे पुन्हा केव्हातरी लिहीन.

दुर्बीण सात बाय पन्नासची आहे, म्हणजे सात पट मोठे दाखवणारी आणि पुढची भिंगे 50 मिलिमीटरची. पन्नासला सातने भागले की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, सात मिलिमीटरच्या आसपास. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी मोठी होते. माझ्या वयाला पाच मिलिमीटर झाली तरी पुष्कळ. उरलेला प्रकाश बाहुलीच्या कडेवर सांडतो. पाच साते पस्तीस. थोडक्यात, पन्नासची दुर्बीण गळ्यात अडकवून मी पस्तीसची वापरते आहे, आणि मानेला वजन मात्र पन्नासचेच आहे. हे कळल्यावर मला एकटीलाच हसू आले आणि भाजीतली निम्मी देठे पानांत गेली.

रात्री पुन्हा वर गेलो. पश्चिमेला वळवाचे ढग होते, पण उत्तर मोकळी होती. कठड्यावर कोपरे टेकवून मी दुर्बीण लावली आणि अरुंधती लगेच सापडली, वसिष्ठापासून चांगली सुटी, टपोरी. मग कालचे सांगून टाकावे, असे ठरवून मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिचे डोळे फार जवळजवळ आहेत. मी दोन्ही नळ्या दाबून जवळ आणत गेले, त्या एका जागी अडल्या आणि तरीही मधे बोटभर फट राहिलीच. तिने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून डोळा लावला, दुर्बीण जड झाली म्हणून खाली घेतली, पुन्हा वर उचलली.

"दिसली," ती म्हणाली.

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या. किंचित खाली."

दुर्बीण येऊरच्या डोंगराकडे वळलेली होती.