“टीसी मोठ्यानं वाच”

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र चंद्रपूर वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या पत्त्यावर आलं आणि त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जाताना डोक्यात फक्त सर होते. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे त्या काळात शिकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाकी गुरुजनांबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल, कबड्डीच्या संघाबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी सरांबद्दलच लिहितो, आणि तेही त्यांच्या गणिताबद्दल नाही. गणित ते उत्तमच शिकवायचे. पण दहावी झालेल्या पोराला शाळेच्या फाटकाबाहेर कसं सोडावं, हे त्यांना जसं कळलं होतं तसं मी पुढे कुठं पाहिलं नाही.

मी १९९१ साली दहावी झालो. ५२ टक्के. घरी चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. त्या वर्षी टीसी वाटायच्या दिवशी सरांनी ऑफिससमोरच्या व्हरांड्यात टेबल लावलं होतं. एकेकाला बोलवायचे, हातात टीसी द्यायचे आणि म्हणायचे, “वाच. मोठ्यानं वाच.” नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण. एकही रकाना सोडू द्यायचे नाहीत. मागे रांगेतली पोरं कंटाळायची, पण सरांना घाई नसायची.

माझी पाळी आली. अंकी तारीख ७ होती आणि पुढे अक्षरात ‘सतरा’ लिहिलेलं होतं. मी वाचत पुढे निघालो होतो. सरांनी टेबलावर बोट आपटलं. “थांब. पुन्हा वाच.” जनरल रजिस्टर मागवलं, त्यातला आकडा पुसट होता. तेव्हा माझी टीसी त्यांनी खिशात ठेवली, सायकल काढली आणि भर उन्हात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. तिथलं दाखलखारीज रजिस्टर पाहून, तारखेचा उतारा लिहून घेऊन आले. मग लाल शाईनं दुरुस्ती, बाजूला मुख्याध्यापकांची सही, त्यावर गोल शिक्का. शिक्का नीट उमटला की नाही तेही उजेडात धरून पाहिलं. “हा कागद तुह्यासंगं म्हाताऱ्यापणापर्यंत येणार हाय. याच्यात वाकडं असलं तं प्रत्येक खिडकीवर तुले उभं करतीन.”

बाबा टीसी घ्यायला सोबत आले होते. ते म्हणाले, “सर, आता वावरातच लागते पोरगं. बावन्न टक्क्याले कोन इचारते?”

सर म्हणाले, “भाऊ, वावर कुठं पळून चाललं? दोन वर्षं मले द्या.”

बाबांनी दिली. सरांनी स्वतः यवतमाळच्या आयटीआयचा फॉर्म आणला, इलेक्ट्रिशियन ट्रेड लिहिला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याला चिठ्ठी दिली. एसटीचा पास कुठल्या खिडकीवर मिळतो इथपर्यंत सांगितलं. आयटीआय झालं, चंद्रपूरच्या वीज केंद्रात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो आणि पुढे तिथंच नोकरी लागली. तेव्हा ते विद्युत मंडळ होतं. २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या आणि आम्ही महानिर्मितीत आलो. माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जी जन्मतारीख आहे ती त्या टीसीवरून आलेली आहे. तारखेच्या असल्याच घोळापायी वर्ष वर्ष हेलपाटे मारलेला सहकारी मी पाहिला आहे. त्याच्या शाळेत सर नव्हते, एवढाच फरक.

नापास पोरांवर तर त्यांचा जीव जास्त. तेव्हा राहिलेले विषय द्यायला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागे. गाव त्याला ‘ऑक्टोबरची वारी’ म्हणून हसायचं. सर त्या पोरांना संध्याकाळी घरी बसवून बीजगणित घोटून घ्यायचे, एक पैसा न घेता. त्यातला एक आज दारव्ह्याला मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान चालवतो आणि दोन पोरं हाताखाली शिकवतो. सर गेले तेव्हा सगळ्यात आधी तोच पोचला होता.

आता काय दिसतं? निकाल लागला की चौकात नव्वदच्या वरच्यांचे फ्लेक्स लागतात. लागावेत, त्यांनी कष्ट केले. ज्यांची ऐपत आहे ते अकोल्याला नीटच्या क्लासला जातात. पण पन्नास-साठ टक्क्यांच्या पोराशी त्या दिवशी कुणी दोन शब्द बोलत नाही. टीसी खिडकीतून मिळते, पोरगं घडी घालून खिशात टाकतं आणि निघतं. मला याचं फार वाईट वाटतं. गावी आलो की पहाटे रस्त्यावर भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी पोरं दिसतात. अंगात एवढी ताकद आणि जिद्द असलेल्या पोरांना पुढच्या वाटा सांगणारं कुणी नसावं?

म्हणून यंदा शाळा सोडणाऱ्या मुला-मुलींनो, सर नाहीत तर त्यांच्या वतीनं मी सांगतो. टीसी हातात पडली की तिथंच उभं राहून मार्कशीटशी आणि आधारशी ताडून पाहा, वेलांटी-उकारासकट. जात पडताळणीचं प्रकरण बारावीतच टाका, प्रवेशाच्या तोंडावर धावपळ करू नका. अठरा पूर्ण झाले की नमुना ६ भरून मतदार यादीत नाव घाला. आयटीआयला कमी समजू नका; दोन वर्षांचा ट्रेड चांगला झाला तर पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. विषय राहिला असेल तर आता ऑक्टोबरची वाट नाही, जून-जुलैतच पुरवणी परीक्षा असते. आणि मुलींनो, घरी स्थळं पाहायला लागले तर एकट्या गप्प बसू नका, बाईंना सांगा. आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी दहावीनंतर पुन्हा कधी शाळेत दिसली नाही. सर तिच्या घरी दोनदा जाऊन आले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. ते दुःख त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवलं.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या टीसी वाटपाच्या दिवशी व्हरांड्यात एक टेबल लावून द्यावं. मी रजा टाकून येतो, दारव्ह्याचा मित्रही येतो म्हणतो. फिटर घ्यावा की वायरमन, फॉर्म कुठं भरायचा, वसतिगृह मिळतं का, जे विचारायचं ते विचारा. ज्यांचे विषय राहिले त्यांनी तर नक्की यावं, आणि येताना वडिलांना सोबत आणावं.