कॅम्पर व्हॅनमध्ये फ्री डिश

डिश टपावर बसवू नका. कोणी आत चाललं तरी गाडी हलते आणि सिग्नल जातो. जमिनीवर तिपाई ठेवा, खांब ओळंब्यात घ्या. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर येतो. होकायंत्र गाडीपासून दूर धरा, पत्रा सुई भरकटवतो. ६० सेंमीची ऑफसेट डिश (सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) दिसते त्यापेक्षा वर बघते, त्यामुळे ती उभट वाटली तरी घाबरू नका.

आरजी-६ केबल (डिशची जाड गोल केबल) एलएनबीतून, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागातून, सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीला. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसणारा जोड) लावताना केबलच्या बाहेरच्या जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याला टेकली तरी शॉर्ट होतो. जोडणी बॉक्स बंद ठेवूनच करा. डिश बोटभर फिरवायची, थांबायचं, मग टीव्हीवर बॉक्सच्या सिग्नल मेनूत क्वालिटी (सिग्नल किती स्वच्छ आहे) बघायची. नुसत्या स्ट्रेंग्थवर (सिग्नलच्या जोरावर) भुलू नका.