दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?

हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याची भीतीच वाटते. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि दुखेपर्यंत वाट बघितली की उशीर झालेला असतो. २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या जवळपास १ लाख ९२ हजार नव्या केसेस निघाल्या.

मध्यंतरी कोथरूडला घरकाम करणाऱ्या बायकांच्या कॅम्पला मदतीला गेले होते, तिथे नर्सताईंकडे आयब्रेस्टएक्झाम होतं. स्तनातली गाठ शोधायचं हातात मावणारं यंत्र, ते जरा दाबत दाबत फिरवायचं, सेन्सरना कुठला भाग कडक लागला की स्क्रीनवर तिथे लाल चौकोन उमटतो. रेडिएशन नाही, दुखणं नाही, पडद्याआड पाच-दहा मिनिटांत काम होतं. एक मावशी पदर सारखा करत बाहेर आल्या, "एवढंच होय!" म्हणाल्या आणि तिथूनच जावेला फोन लावला, लगेच ये म्हणून. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला चला म्हटलं असतं तर कामाचा खाडा, रिक्षाचे पैसे आणि मनातली धाकधूक, कोण जातंय!

पण लाल चौकोन म्हणजे कॅन्सर नव्हे आणि लाल नाही आला म्हणजे सुटलो असंही नाही, पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी करावीच लागते. तरुण वयात स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, तिथे सोनोग्राफी फार कामाची. आता तर सोनोग्राफीचे खिशात मावणारे प्रोब (अंगावर फिरवायचा भाग) आलेत, पण पीसीपीएनडीटी या गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यामुळे पोर्टेबल सोनोग्राफी मशीन कुठेही नेता येत नाही. तो कायदा का आला हे महाराष्ट्राला सांगायला नको, तो सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण स्तनासाठीचा हाय फ्रिक्वेन्सी प्रोब फार खोलवर बघतच नाही, गर्भ बघायला तो नसतोच, निदान त्याचा तरी वेगळा विचार व्हायला हवा.

आणि मशीन नाही म्हणून अडून बसायचंही कारण नाही. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईत महिनाभर ट्रेनिंग दिलेल्या बायकांकडून दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करून घेतली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, तरी ही गोष्ट लहान नाही.

म्हणून कॅम्प ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगते, बॅनर छापायच्या आधी जवळच्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या वेळा घेऊन ठेवा, आणि लाल आलेल्या बाईबरोबर कोण जाणार तेही त्याच दिवशी ठरवा.