प्रिंट अडकली? आधी स्पूलर बघा

आज दिवसभर एकच दुखणं: रांगेतली एक पीडीएफ 'डिलीटिंग' म्हणत अडून बसलेली आणि बाकीची कामं तिच्यामागे ताटकळत. अशा वेळी सगळे प्रिंटर बंद-चालू करतात. त्याने बहुतेक वेळा काही होत नाही, कारण काम अडकलेलं असतं कॉम्प्युटरवर. प्रत्येक प्रिंटच्या दोन फाइली बनतात: एसपीएलमध्ये छापायचा मजकूर, एसएचडीमध्ये त्या कामाची नोंद. स्पूलरने, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजमधल्या प्रोग्रॅमने, त्या उघड्या धरल्या की पुसल्या जात नाहीत.

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप करा, 'प्रिंट स्पूलर'वर राइट क्लिक करून स्टॉप. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा. परवानगी मागेल, द्या. आतल्या फाइली पुसा, फोल्डर ठेवा. शेजारच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरला चुकूनही हात लावू नका! मग स्पूलर पुन्हा स्टार्ट. रांगेतली सगळीच कामं जातात, ती नव्याने पाठवावी लागतात.

वायफाय प्रिंटर सारखा 'ऑफलाइन' दिसत असेल तर गोष्ट वेगळी. अनेकदा राउटरने त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिलेला असतो आणि विंडोज जुन्याच दारावर थाप मारत असतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'पोर्ट्स'मध्ये पत्ता ताडून बघा आणि राउटरमध्ये तो प्रिंटरसाठी राखून ठेवा. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं त्यानंतर.