नाल्यातला गाळ आणि गोणीतला फॉस्फरस

नागपूरहून दर रविवारी मी काटोल तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत जातो. गेल्या मे महिन्यात धुऱ्यालगतच्या, म्हणजे शेताच्या बांधालगतच्या, नाल्याचे जेमतेम दोन डोह उरले होते आणि दोन्हींवर शेवाळाचा जाड हिरवा थर आला होता. बागेला दोन वर्षांपासून डीएपी हे नत्र आणि फॉस्फरस देणारे खत दिलेले नसल्याने या शेवाळाला अन्न कुठून मिळते, हा प्रश्न मला पडला.

त्याचे उत्तर डोहाच्या तळाशी आहे. शेवाळ वाढते ते मुख्यतः नत्र आणि फॉस्फरसवर. नत्राचे नायट्रेट हे रूप पाण्यात विरघळून निघून जाते. फॉस्फरस मात्र काळ्या मातीतील चिकणकणांना, चुन्याला आणि लोहाच्या संयुगांना धरून राहतो, म्हणून तो वाहतो तेव्हा मातीसकटच वाहतो. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनी उघडी जमीन धुपली की ते कण नाल्यात येतात आणि पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे, म्हणजे डोहात किंवा बंधाऱ्यामागे, गाळ होऊन बसतात. पुढच्या एखाद्या पुरात त्यातला काही गाळ थोडा खाली सरकतो, बाकीचा वर्षानुवर्षे तिथेच राहतो. वरच्या पाण्यात फॉस्फरस जास्त असेल तर गाळ तो शोषून घेतो आणि कमी झाला की परत सोडतो. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू संपला की लोहाला बांधलेला फॉस्फरसही मोकळा होतो, आणि नेमके त्याच वेळी पाणी सर्वांत कमी असते.

पन्नास किलोच्या डीएपीच्या गोणीवर 46 टक्के स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) लिहिलेले असते, ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेले. शुद्ध फॉस्फरस त्यात सुमारे 10 किलो भरतो. लिटरमागे 0.1 मिलीग्रॅम फॉस्फरसही शेवाळाला पुरतो, असे धरले तर एका गोणीतला फॉस्फरस 10 कोटी लिटर पाण्याला पुरेल. हा हिशेब मांडल्यापासून धुऱ्यावरून वाहणारे गढूळ पाणी पाहून मला खरोखर वाईट वाटते.

राज्यात 2017 पासून धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना आहे आणि मला ती मनापासून पटते, कारण शेतातून गेलेली माती शेतातच परतली पाहिजे. आम्ही मात्र पूर्वी नाल्याचा गाळ काढून काठावरच रचला होता आणि पावसाळ्यात तो पुन्हा नाल्यात गेला. यंदा तो बागेच्या वरच्या, सपाट भागात पसरला आहे, त्याचा नमुना ऑल्सेन पद्धतीने, म्हणजे पिकाला मिळू शकणारा फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीने, तपासायला दिला आहे आणि धुऱ्यालगत दोन मीटर रुंद गवताचा पट्टा न वखरता राखला आहे.