चौकटीतली दुधाची पिशवी

रविवार, रात्री साडेनऊ

पहाटे पाचला गाडी काढली. कवडीपाटला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. नदी दिसायच्या आधी वास आला. मुळा-मुठा इथे येते ती सगळं पुणं पोटात घेऊन. जुन्या बंधाऱ्याखाली फेस, फेसात थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, एक चप्पल (कायम एकच का असते कोण जाणे). आणि त्या सगळ्यात शेकाट्यांची (लांब गुलाबी पायांचे पाणपक्षी) शाळा भरलेली.

ऑक्टोबरपासून ठरवलंय: दर रविवारी हीच जागा, आणि दिवसाचा एकच फोटो ठेवायचा. आज जुने काढून बघितले. सगळे कसे चकाचक! जमिनीलगत आडवं व्हायचं, तांदूळ भरलेल्या जुन्या जीन्सच्या पिशवीवर ४०० मिमीची लेन्स टेकवायची, एफ ५.६ ठेवायचं (म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं), मागचा कचरा विरघळून मऊ रंग होतो. तरीही उरलं काही तर क्रॉप. एकदा धोबी पक्ष्याच्या शेपटीजवळचं गुटख्याचं पाकीट मी संगणकावर चक्क पुसून टाकलं होतं. चक्रवाकांच्या जोडीचा फोटो बघून मामेभावाने विचारलं, "भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात गेला होतास?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते अजून टोचतंय.

आज साडेसातच्या सुमारास एक शेकाट्या माझ्याकडे चालत आला. पंधरा फुटांवर. गुलाबी काडीसारखा पाय उचलायचा, मागे दुमडायचा (आपल्याला गुडघा वाटतो तो त्याचा घोटा), आणि आवाज न करता पुढे ठेवायचा. ठेवला तो नेमका दुधाच्या पिशवीवर. पिशवी थोडी बुडाली, तो थोडा डुलला, मग सुईसारखी चोच चिखलात खुपसून काहीतरी गिळलं. मी शटर दाबत राहिलो. १/१६०० सेकंदाला पिशवीवरचं 'अर्धा लिटर'सुद्धा वाचता येतंय.

आईला दाखवला. "पक्षी छान आहे रे, पण खाली ते काय? आणि बिचारा राहतो कसा त्या घाणीत?"

गंमत इथेच आहे. शेकाट्या बिचारा नाही. सांडपाणी मिसळलेल्या उथळ चिखलात अळ्या-किडे मुबलक होतात, तीच त्याची न्याहारी. घाण आहे म्हणून तर तो इथे आहे. पंचाईत दुसऱ्यांची. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली मासा दिसला की सूर मारतो. फेसातून त्याला काय दिसणार? आज तीन तासांत एकच दिसला, तोही बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. छातीवर दोन काळे पट्टे, म्हणजे नर. सूर मारलाच नाही त्याने, वळून निघून गेला. तो फोटो हलला.

म्हणजे पिशवी पुसली तर खोटं, आणि 'प्रदूषणाचा बळी' असं खाली लिहिलं तरी खोटंच. मग काय लिहायचं? आत्ता तरी फाइलला नाव दिलंय 'शेकाट्या, न्याहारी'. क्रॉप केलेला नाही. उजव्या कोपऱ्यात ती चप्पलही आली आहे.

बूट दोनदा धुऊन बाल्कनीत ठेवलेत. वास येतोच आहे.